कडीच्या बंदुकीची खडखड

लाखेचा वास मला अजून सोसत नाही. गेल्या पौषात नातीने हट्टाने म्हसाच्या जत्रेला नेलं. घोंगड्यांच्या ढिगांतून आणि बैलांच्या शिंगांतून वाट काढत आम्ही चाललो होतो. एका पालाजवळ लोहार विळ्यांना मुठी बसवत होता. लाख निखाऱ्यावर धरायची, पाघळली की मुठीच्या भोकात सोडायची आणि तापलेल्या विळ्याचं शेपूट त्यात दाबायचं. चर्र झालं, धूर आला, आणि मी नातीचा हात असा आवळला की पोर ओरडलीच. "आजी, काय झालं गो?" आता तिला काय सांगणार? एवढ्या गर्दीत, भर दुपारी, मी वैशाखऱ्याच्या आमच्या पडवीत जाऊन बसले होते. मांडीवर सूप, सुपात धुतलेलं फडकं, फडक्यावर बंदुकीचे स्क्रू आणि खिळे, आणि समोर हे. हे म्हणजे तिचे आजोबा, तिने कधी न पाहिलेले.

मी मूळची खर्डीची. आमचं घर स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर होतं. आगगाडी गेली की फळीवरची भांडी किणकिणायची आणि आई झोपेतच "गेली" म्हणायची. त्या आवाजाची मला कधी भीती वाटली नाही. लग्न होऊन वैशाखऱ्याला आले, एकोणीसशे तीस-पस्तिसाच्या सुमारास, आणि मग कळलं की भीती आवाजाची नसते. घराच्या मागे लगेच डोंगर. दिवेलागणीच्या आधीच अंगणात सावली येऊन बसायची. माणसं हळू बोलायची. गोठ्यात गुरं एकदम चारा खायची थांबायची, कान टवकारायची, आणि सासूबाई हातातलं काम तसंच धरून गप्प व्हायच्या. पुन्हा चघळण्याचा आवाज सुरू झाला की त्यांचा हात चालू व्हायचा. तोवर मी त्यांच्या हाताकडे बघत राहायची.

त्या घरात मला सगळ्याचीच धास्ती होती. विहिरीच्या काठाला कठडा नव्हता, त्याची. सासूबाईंची, आणि त्यांना ते ठाऊकही होतं. पण सगळ्यांत जास्त त्या बंदुकीची. कणगीच्या वर भिंतीला दोन खुंट्या होत्या, त्यांवर ती आडवी असायची. धान्य काढायला गेले की मी डोकं वाकवून, मान चोरून जायची. हे बघायचे आणि हसायचे. "ती काय आपणहून उडते का गो?" म्हणायचे. हसणारा माणूस होता. सोंगट्यांत हरला तरी हसायचा.

बंदूक सासऱ्यांच्या वेळची. तानशाच्या रानात शिकारीला येणाऱ्या कुठल्याशा साहेबाबरोबर ते वाट दाखवायला जात. साहेब विलायतेला परतताना ती त्यांना देऊन गेला. सासरे गेले तसा परवाना ह्यांच्या नावावर झाला, पिकात रानडुकरं शिरतात म्हणून. तिच्या घोड्याच्या खाली बोटं घालायला लोखंडी कडी होती. कडी खाली ओढून वर दाबली की नवं काडतूस आत सरकायचं. म्हणून गावात ती कडीची बंदूक. साहेबाने ती किती वर्षं झिजवली आणि सासऱ्यांनी किती, देव जाणे. ह्यांच्या हाती आली तेव्हा तिचं सगळंच खिळखिळं झालेलं. मिटलेली कडी मिटून राहायची नाही, लोंबायची. लाकडी दस्ता लोखंडाशी जिथे जुळतो तिथे बोट जाईल एवढी फट. चालताना सगळी मिळून खडखड वाजायची.

आणि ही खडखड मात्र मला आवडायची. बंदुकीची भीती आणि तिच्या आवाजाचा आधार, असं माझं विचित्र होतं. वरच्या दळीवर, म्हणजे डोंगरउतारावरच्या आमच्या तुकड्यात, वरई आणि नाचणी असायची. पीक भरात आलं की हे राखणीला जायचे. दिवस कलायला लागला की माझे कान ओढ्याकडे. पहिल्यांदा टिटवी ओरडायची, मग ओढ्यातले गोटे हलायचे, आणि मग ती खडखड. कडी आपटतेय, दस्ता कुरकुरतोय. सासूबाई चुलीपुढून म्हणायच्या, "आला गो, तवा ठेव." मी तवा ठेवायची, आणि तोवर छातीत धरून ठेवलेला श्वास सोडायची. मला दुसरं काही नको होतं. एवढंच की हा माणूस रोज परत यावा. लग्न झाल्यापासून मला वाटायचं की एक दिवस तो यायचा नाही. का वाटायचं ते विचारू नका. भित्र्या माणसाला कारण लागत नाही.

एका वर्षी चैत्रात मोह फार फुलला. ज्यांनी मोहाखाली पहाट काढली नाही त्यांना तो वास सांगता येणार नाही. गोड, जड, थोडासा आंबूस. नाकात गेला की डोकं सुस्त होतं. झाडाला पान नसतं, आणि उजाडायच्या सुमाराला फुलं गळायला लागतात. टप, टप. वरच्या वाडीतल्या ठाकरांच्या बायका तेव्हाच टोपल्या घेऊन निघत. ऊन चढलं की फुलं सुकायची, नाहीतर शेळ्या फस्त करायच्या. वाळवलेला मोह त्यांना पावसाळाभर पुरायचा. आम्हीही वेचायचो, पण आमचं हौसेचं.

त्या वर्षी ते जनावर आलं. वाघ असं म्हणायचं नाही, म्हटलं की ते ऐकतं. बिबट्या होता, पण सगळे नुसतं "जनावर" म्हणत. आधी वाडीतल्या शेळ्या गेल्या. मग आमच्या शेजारच्यांचा कुत्रा, दारातून, साखळीसकट. साखळी फरफटत गेल्याचा आवाज मी अंथरुणात ऐकला आणि दाताखाली पदर धरून पडून राहिले. आणि मग वाडीतली एक म्हातारी, मोह वेचायला वाकलेली असताना. टोपली तिथेच होती, अर्धी भरलेली. शिवेवरच्या वाघोबाच्या दगडाला शेंदूर लागला, नारळ फुटला, कोंबडं दिलं. तरी बायका झाडाखाली जाईनात. फुलं पडून कुजायला लागली आणि वासाने गाव भरून गेलं.

वाडीचा सोमा एक दिवस आमच्या अंगणात येऊन बसला. गेली ती त्याची आई. तो रडला नाही. जमिनीकडे बघत ह्यांना म्हणाला, "पाटीभर पण मोह नाय आला घरात. पावसाळ्यात पोरांना काय घालू? तुज्याकडं बंदूक हाय."

ह्यांनी आतून बंदूक आणली आणि कडी हलवून पाहिली. मग म्हणाले, "बसतो मी. पर आधी ही नीट कराय लागंल. हिची खडखड ऐकून ते पार माळशेजावर जाईल. नायतर ऐन वख्ताला कडी उघडी पडंल, न् मग मीच त्याच्या तोंडात."

दाराआड मी उभी होते. "मीच त्याच्या तोंडात" हे त्यांनी हसत म्हटलं. मी तिथेच जात्याला टेकून बसले.

त्यात सासूबाईंनी भर घातली. बंदूक ढिली झालीय एवढंच त्यांच्या कानावर पडलेलं. त्यांचा जन्म शेतात गेलेला. कुदळीचा, कुऱ्हाडीचा दांडा चैताच्या उन्हात आटून ढिला होतोच, आणि मग काय करायचं ते आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. हत्यार पाण्यात घालून ठेवायचं. लाकूड फुगतं आणि दांडा घट्ट बसतो. सकाळी हे उठून बघतात तर खुंट्या रिकाम्या. बंदूक गोठ्यात, गुरांच्या दोणीत, दस्ता खाली, कडीपर्यंत पाण्यात.

"आये!" हे असे ओरडले की गुरं बुजली.

"वरडतो काय? फुगंल ना दांडा."

"आये, ही कुदळ नाय!"

"मंग काय हाय? लाकूड न् लोखंडच ना?"

हे कपाळाला हात लावून दोणीच्या काठावर बसले. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. हसत होते. सासूबाई रागाने आत गेल्या आणि दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत. मी हसले नाही. माझ्या डोक्यात एकच चाललेलं, की आता ही भिजलेली बंदूक घेऊन हा माणूस त्या जनावरापुढे बसणार.

तिला उन्हात उघडून वाळवायला लागलं, आणि उघडलीच आहे तर सगळंच घट्ट करायचं ठरलं. काडतुसं सासूबाईंकडे गेली. त्यांनी ती नाचणीच्या मडक्यात पुरली. मला सूप घेऊन समोर बसवलं. फडक्यावर प्रत्येक तुकडा निघाला त्या क्रमाने ठेवायचा, आणि हलायचं नाही. मी श्वाससुद्धा बेताने घेत होते. तेलाचा वास, गंजाचा वास, ह्यांच्या घामाचा वास. त्या लोखंडाच्या पोटात एवढे बारीक बारीक जीव असतील असं मला वाटलं नव्हतं. एक इवलीशी कमान होती, उवेएवढा एक दात होता. त्या दातावर कडी मिटून राहायची, आणि तो झिजून गुळगुळीत झालेला. हे त्याला कानशीने हळूहळू धार देत होते, मध्येच थांबून नखाने चाचपत होते. ज्या खिळ्यावर कडी फिरायची तोही झिजलेला. मुरबाडच्या लोहाराकडून त्यांनी केसभर जाड खिळा करून आणला होता. तो आत जाईना. पुन्हा काढला, घासला, तेल लावलं, पुन्हा बसवला. दस्त्याच्या फटीत पितळी डबीच्या झाकणाची पातळ पट्टी कापून घातली, वरून लाख ओतली. तेव्हाच तो धूर, तो वास. मला खोकला आला आणि सुपातला एक स्क्रू गडगडला. दोघांचेही हात एकदम त्यावर पडले. त्यांचा हात माझ्या हातावर जरा जास्त वेळ राहिला. दिवसाउजेडी पडवीत असं काही करायची तेव्हा रीत नव्हती.

सगळं जोडून झाल्यावर त्यांनी बंदूक कानाशी धरून नारळ हलवावा तशी हलवली. काही वाजलं नाही. कडी ओढून दाबली. टक्. एवढंच. पुन्हा, टक्. त्यांचा चेहरा असा उजळला की मला बरं वाटायला हवं होतं.

"खडखड गेली," मी म्हटलं.

"मंग? तीच तर काढायची होती."

"आता तुमी येताय ते मला कळंल कसं?"

ते मोठ्याने हसले. "मी काय बैल हाय? गळ्यात घुंगरू बांधून येऊ?"

मीही हसले. पण आत कुठेतरी काहीतरी निसटलं होतं, आणि ते मला नीट सांगता आलं नाही. आताही नीट येत नाही.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत ते निघाले. सासूबाईंनी मडक्यातली काडतुसं काढून दिली, बंदुकीला हळदकुंकू लावलं, खंडेनवमीला लावतात तसं, आणि हे म्हणाले, "आये, नळीत नको घालू." ओढ्याच्या वरच्या अंगाला मोहाचं मोठं झाड होतं. समोर काळा खडक. सोमाने खाली बकरी बांधायची आणि परत फिरायचं, आणि ह्यांनी खडकावर बसायचं असं ठरलं होतं. फटफटलं की घरी येतो, म्हणाले. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. ओढ्यात उतरले, वर चढले, आणि कसलाच आवाज आला नाही. डोळ्यांना दिसेनासे झाले तेव्हा ते पुरतेच गेले. एरवी दिसायचं थांबल्यावरही कितीतरी वेळ ऐकू यायचे.

पहाटे कोंबडा आरवला. सासूबाई चुलीशी बसल्या होत्या. मी दाराशी. फटफटलं. टिटवी ओरडली नाही, गोटे हलले नाहीत. झाडांचे आकार दिसायला लागले. सासूबाई सवयीने म्हणाल्या, "खडखड नाय आली गो अजून?" आणि मग दोघींनाही एकदमच आठवलं, की आता ती यायचीच नाही. आम्ही एकमेकींकडे बघितलं. त्या बाईच्या तोंडावर मी पहिल्यांदा भीती पाहिली. आणि मग मला घरात थांबवेना.

घोंगडी डोक्यावरून घेतली आणि निघाले. सासूबाई "अगो, थांब" म्हणत होत्या, पण हळू आवाजात. त्या वेळेला ओरडायचं नाही, रानात हाक मारायची नाही, मारली तर दुसरंच कुणी ओ देतं, हे आमच्या हाडात मुरलेलं. आणि मी हाक तरी काय मारणार होते? नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. नुसतं "अवो" म्हणायचं, तर तेही समोर माणूस दिसला तर. ओढा ओलांडला. पाणी नव्हतं, गोटे थंडगार होते. मोहाचा वास अंगावर आला. पाचोळ्यावर पाय पडला की मीच दचकायची. बकरी ओरडत नव्हती. ती का ओरडत नाही, हे मनात आलं आणि मी ते मनातून ढकलून दिलं.

झाडाखाली आले आणि पायात काटा गेला, चांगला खोल. पाय टेकवेना. मी तिथेच खाली बसले, घोंगडीत गुरफटलेली, वाकून, आणि काटा शोधायला पाय वर घेतला. आजूबाजूला फुलं गळत होती. टप. टप. आणि मध्येच एक आवाज जरा वेगळा झाला. टक्. मला वाटलं फूल खडकावर पडलं.

काटा निघाला. मान वर केली. समोर खडकावर ते होते, पालथे पडलेले, आणि बंदुकीची नळी माझ्याकडे. नळीचं काळं भोक दिसत होतं. त्याच्या मागे त्यांचा एक डोळा, दुसरा मिटलेला. मी ओरडले नाही. असं किती वेळ गेला मला माहीत नाही. एक फूल माझ्या मांडीवर पडलं, ते मला आठवतं.

मग नळी खाली झाली. ते उठले नाहीत. मी लंगडत खडकापाशी गेले. ते तसेच पडलेले, आणि त्यांची बोटं कडीत अडकली होती. मिटलेली, ताठ झालेली, निघेनात. पांढरीफटक पडलेली. मी त्यांच्या शेजारी बसले आणि एकेक बोट धरून उलगडून कडीतून बाहेर काढलं. त्यांचे दात वाजत होते. हसणारा माणूस होता तो. मी त्याला असं थरथरताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"तूच ना गो?" ते म्हणाले. "तूच हायस ना?"

"मी हाय."

"काळं काय ते वाकलेलं दिसलं. पार घोड्यावर बोट व्हतं माजं." मग पुष्कळ वेळाने, "तुजा तळपाय दिसला. पांढरा. जनावराला असा तळपाय नसतो."

"मी हाय," मी पुन्हा म्हटलं. दुसरं काय म्हणायचं मला सुचेना. बकरी झाडामागे होती, दावं तोडून निवांत मोह खात. जनावर आलंच नव्हतं.

घरी आलो तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "काय दिसलं का?" हे म्हणाले, "नाय." मी भाकरी थापायला बसले. पीठ हाताला चिकटत राहिलं.

जनावर पुढे आठवडाभरात घाट चढून गेलं, आपल्या मर्जीने. वाडीच्या बायका भीत भीत पुन्हा झाडाखाली यायला लागल्या. सोमाने ह्यांना दोनदा विचारलं, पुन्हा बसतोस का, तेव्हा ह्यांनी मान फिरवली. त्याच उन्हाळ्यात ते बंदूक मुरबाडच्या कचेरीत जमा करून आले. सरळ चालत गेले आणि मोकळ्या हातांनी आले. डुकरांसाठी मग आम्ही पत्र्याचे डबे वाजवायचो.

आणि त्या दिवसापासून हा माणूस घरी येताना ओढ्यापासून हाळी द्यायला लागला. "मी हाय गो!" आख्खं गाव हसायचं. "आली बघ नवऱ्याची वरदी," असं विहिरीवर बायका मला चिडवायच्या. हसू देत. मीही द्यायची. विहिरीवरून येताना, गोठ्यातून येताना, दुपारी ते पडवीत डुलकी घेत असताना मागच्या दाराने आत शिरतानासुद्धा. मुलं झाली, ती मोठी झाली, त्यांना वाटायचं की आईबापांना ही एक खोडच आहे. आम्ही कुणाला सांगितलं नाही. एकमेकांतही पुन्हा बोललो नाही. फक्त कधी मी न सांगता मागून आले तर ते असे दचकायचे, की हातातला पेला खाली पडायचा. मग मी पाणी पुसायची आणि ते बोटं उघडमिट करत बसायचे.

म्हातारपणी त्यांचे डोळे गेले. मोतीबिंदू पिकला आणि ऑपरेशनला त्यांनी नकार दिला, त्यालाही घाबरले असतील. मग तर मी उंबऱ्यातूनच सांगायची, "मी हाय." ते म्हणायचे, "हां." एवढंच आमचं बोलणं. दिवसातून कितीदा तरी. सुना हसायच्या, पण त्यांनाही सवय झाली होती.

शेवटच्या सकाळी मी पाणी घेऊन खोलीत गेले. ऊन खाटेपर्यंत आलं होतं. मी म्हटलं, "मी हाय." त्यांचा हात घोंगडीवर होता, बोटं सैल, उघडी. मी परत म्हटलं. मग जरा मोठ्याने म्हटलं. मग सुना धावत येईपर्यंत, हातातला तांब्या तसाच धरून, मी तेच म्हणत उभी होते.